एकाच भावात कुठला तुकडा परवडतो: बोकडाच्या मटणाच्या नोंदी, सांगली

काम कशाचं: खानावळीसाठी गुरुवार सोडून रोज २५ ताटांचं मटण लागतं. सुकं, तांबडा रस्सा आणि पांढरा रस्सा. जानेवारी २०२५ मध्ये दुकानात हाडासकट मटण ७६० रुपये किलो होतं. मांडी घ्या, मान घ्या, बरगडी घ्या, भाव तोच. मग त्याच पैशात कुठला भाग घेतला की ताटात जास्त मांस पडतं आणि कुठल्या भागाला चव जास्त, हे तोलून बघायचं.

साधनं: एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, मांसात खुपसायचा थर्मामीटर, एकसारखी सहा पातेली, पाच लिटरचा कुकर, घड्याळ. वही काट्याशेजारीच ठेवायची. नंतर आठवून लिहिलेले आकडे चुकतात.

५ जानेवारी २०२५, रविवार

तीन दुकानांतून तीन भाग आणले. मांडी ७६०, फरा (पुढचा पाय, खांद्याकडचा भाग) ७४०, बरगडी ७८०. एकूण २,२८० रुपये. तिन्हींचा नेहमीसारखा तांबडा केला आणि सहा जणांना वाढला.

काहीच हाती लागलं नाही. दोन चुका झाल्या. पहिली म्हणजे तीन दुकानं, म्हणजे तीन जनावरं. फऱ्याचं मटण जून शेळीचं निघालं, दीड तास झाला तरी दाताखाली येईना. शेवटी कच्च्या पपईचं सालासकट वाटण १५ ग्रॅम टाकून सोडवावं लागलं. म्हणजे तुलना भागांची झालीच नाही, वयाची झाली. दुसरी चूक रश्श्याची. कांदा-लसूण मसाला, खोबरं, तीळ पडल्यावर मांडी आणि बरगडी एकसारखीच लागते. खाणाऱ्यांना मसाल्याची चव कळली, मांसाची नाही.

यापुढे सगळे भाग एकाच बोकडाचे, आणि चव बघायची ती फक्त अळणीत, म्हणजे मसाल्याशिवाय नुसत्या हळद-मीठ, आलं-लसणात शिजवलेल्या मटणात आणि त्याच्या पाण्यात.

वय ओळखायचं तर कापायच्या आधी दात बघायचे. दोन दाती (दुधाचे पुढचे दोन दात पडून पक्के आलेला) बोकड साधारण सव्वा-दीड वर्षाचा, खानावळीला तोच बरा. कापलेलंच समोर असेल तर सांध्याकडची हाडाची टोकं बघा. कोवळ्याची लालसर आणि मऊ कूर्चेची असतात, जुन्याची पांढरी आणि दगडासारखी. रंगही सांगतो: कोवळं मांस फिकट लाल, जून गडद आणि जाड धाग्याचं.

८ जानेवारी, बुधवार

आदल्या संध्याकाळी खाटकाशी बोलून ठेवलं होतं: "मामा, उद्या एकाच बोकडाचे सहा भाग वेगळे द्या, प्रत्येकी अर्धा किलो, मिसळू नका." बुधवारी गर्दी कमी असल्याने त्यांनी मनावर घेतलं. दोन दाती बोकड, सोलून साफ केल्यावर ११.४ किलो.

भाग असे: मांडी (मागचा पाय), फरा (पुढच्या पायाचा खांद्याकडचा भाग), मान (दुकानात 'गर्दन' म्हणा, पटकन कळतं), सीना (छाती आणि तिला लागून बरगडीची खालची टोकं), चाप (पाठीच्या कण्यालगतच्या बरगड्या), नळी (गुडघ्याखालचं).

घरी आणून लगेच जाळीवर पाच मिनिटं निथळवलं. प्रत्येक अर्ध्या किलोतून १८ ते २२ ग्रॅम पाणी निघालं. किलोमागे ४० ग्रॅम, म्हणजे ३० रुपयांचं पाणी. दुकानात धुतलेलं मटण तोलू द्यायचं नाही. आधी तोलायचं, मग धुवायचं.

पुढचा घोळ कुकरचा. वेळ वाचेल म्हणून सगळे भाग आळीपाळीने पाच-पाच शिट्ट्यांवर काढले. मांडीचे धागे सुटून कोरडे झाले, सीन्याचं मांस हाडावरून निसटून तळाला बसलं, मान आणि नळी मात्र अजून चिवट. एकाच शिट्टीच्या मापाने सहा भाग शिजत नाहीत. खानावळीत रोज मिक्स मटण एकाच कुकरला लावलं की ताटात एक तुकडा चोथा आणि एक चिवट येतो, त्याचं कारण हेच.

आणखी एक त्रास: रश्श्याचे तुकडे म्हणून बारीक तोडून घेतलं, तर प्रत्येक वाटीत हाडाची कपरी. लहान तुकडा म्हणजे सत्तूरचे घाव जास्त आणि कपरीही जास्त. आता तुकडा सुपारीएवढा नको, लहान लिंबाएवढा मागायचा आणि नळी सांध्यातून सोडवून घ्यायची.

आजचेही २,२८० रुपये तुलनेच्या दृष्टीने वाया. मटण ताटांत गेलं एवढंच.

१२ जानेवारी, रविवार

आज वेगळे भाग मिळाले नाहीत. रविवारी सकाळी सात ते दहा दुकानात उभं राहायला जागा नसते, त्या वेळात कुणी भाग निवडू देत नाही. म्हणून मिक्स एक किलो घेतलं आणि त्यात काय असतं ते वेगळं करून तोललं.

मांडी २४० ग्रॅम, सीना-बरगडी २१०, फरा १८०, नळी १३०, मान ९०, सुटी चरबी ६०, कलेजी ५०, पडदे आणि शिरा ४०.

शिजवून हाडावेगळं केल्यावर कलेजीसकट ४०२ ग्रॅम मांस भरलं. म्हणजे ताटातलं मांस १,८९१ रुपये किलो पडलं. फलकावरचा ७६० हा भाव जनावराचा आहे. खाणाऱ्याच्या तोंडात जातं त्याचा भाव हा. पुढचे सगळे हिशेब याच मापाने.

२२ जानेवारी, बुधवार

मधला बुधवार संक्रांतीच्या सणात गेला. आज पुन्हा एकाच दोन दाती बोकडाचे सहा भाग, प्रत्येकी एक किलो, निथळून. नळी चारही पायांची घेऊनच किलो भरली. ४,५६० रुपये.

पद्धत सगळ्यांना सारखी: मीठ १० ग्रॅम, हळद ३ ग्रॅम, आलं १०, लसूण १५, चोळून अर्धा तास. मग पातेल्यात एक चमचा तेलावर पाणी सुटेपर्यंत परतायचं, सव्वा लिटर आधणाचं पाणी घालायचं आणि वर ताटलीत पाणी ठेवून मंद आचेवर शिजवायचं. ताटलीतलं पाणी तापत राहतं. आतलं कमी झालं तर तेच ओतायचं.

मानेच्या पातेल्यात पन्नासाव्या मिनिटाला नळाचं गार पाणी ओतलं गेलं. उकळी थांबली, परत यायला वेळ गेला. म्हणून मानेची १०० मिनिटं ही वेळ धरू नका. ती पुन्हा काढायची आहे.

शिजायला लागलेली वेळ आणि हाडावेगळं मांस:

चाप: ६० मिनिटं, ४२९ ग्रॅम, किलोला १,७७२ रुपये
मांडी: ७० मिनिटं, ५०२ ग्रॅम, १,५१४ रुपये
फरा: ७५ मिनिटं, ४६८ ग्रॅम, १,६२४ रुपये
सीना: ८५ मिनिटं, ३८९ ग्रॅम, १,९५४ रुपये
मान: १०० मिनिटं (चुकीची वेळ), ४५५ ग्रॅम, १,६७० रुपये
नळी: १०५ मिनिटं, ३५८ ग्रॅम, २,१२३ रुपये

मान इतकी वर येईल असं वाटलं नव्हतं. मणक्यांमुळे हाडच हाड दिसतं, पण खाचांत मांस भरपूर असतं. मात्र ते काढायला वेळ लागतो. ४५५ ग्रॅम काढायला १४ मिनिटं गेली, मांडीचं पाच मिनिटांत निघालं. सीन्याचा आकडा पडला तो चरबीमुळे. कच्च्यात वजन भरतं, शिजल्यावर ते रश्श्यावर तरंगतं.

चव: सहा वाट्या, नुसते आकडे लिहिलेल्या. खाणाऱ्यांना भाग सांगितला नाही. प्रत्येकाने सगळ्यात चवदार एक निवडायचा. मान तिघांनी, सीना दोघांनी, फरा एकाने. मांडी एकानेही निवडली नाही. विचारलं तर "मऊ आहे, पण नुसती" असं दोघांनी सांगितलं. नुसत्या अळणी पाण्याची चव घेतली तेव्हा मात्र पाच जणांनी नळीची वाटी उचलली. मांस सगळ्यात कमी आणि रस्सा सगळ्यात दाट.

आपल्याकडे पाहुणा आला की मांडीच आणायची पद्धत आहे. सुक्यात चव हवी असेल तर फरा घ्यावा, हे माझं आजपासूनचं ठाम मत. ताटातलं मांस किलोमागे ११० रुपयांनी महाग पडतं, पण तुकडा गार झाल्यावरही कोरडा होत नाही. खानावळीत पहिलं ताट साडेबाराला आणि शेवटचं तीनला जातं, तिथे हा फरक मोठा आहे.

२४ जानेवारी, शुक्रवार

बोनलेस घ्यावं का, याचा निकाल. दुकानात बोनलेस १,००० रुपये. एक किलो आणलं, बहुतेक मांडीचंच होतं. शिजून ६५५ ग्रॅम, म्हणजे किलोला १,५२७.

त्याच वेळी हाडासकट मांडी १,३१६ ग्रॅम घेतली, तीही १,००० रुपयांचीच. घरी सोडवली: मांस एक किलो, हाडं ३१६ ग्रॅम. भाव जुळवलेलाच असतो. फरक एवढाच की बोनलेस घेतलं की हाडं दुकानात राहतात. मागितली की देतात. मागायची.

सोडवायला पहिल्यांदा ४० मिनिटं लागली, कारण सुरी हाडाला आडवी चालवली आणि मांसाचे लचके हाडाला राहिले. आधी खुब्याचा सांधा मोकळा करायचा, मग सुरीचं टोक हाडाला लावून लांबीच्या दिशेने खाली उतरायचं. दुसरी मांडी २२ मिनिटांत झाली.

हाडांचा अळणी: हाडं एका उकळीत दोन मिनिटं घालून ते पाणी फेकलं, वर येणारा काळपट फेस त्यात जातो. मग अडीच लिटर पाण्यात अडीच तास मंद. १.६ लिटर उरला. नुसत्या मांडीच्या हाडांचा रस्सा पातळच राहिला. त्यात ४०० ग्रॅम नळी पडली तर पांढऱ्याला अंग येईल.

५ आणि ६ फेब्रुवारी, बुधवार-गुरुवार

ताजं बरं की ठेवलेलं? एकाच बोकडाच्या दोन मांड्यांतून ७५० ग्रॅमचे दोन तुकडे. पहाटे कापलेलं, डावीकडचा तुकडा सकाळी आठला शिजत घातला. उजवीकडचा न धुता, जाळीवर, सैल झाकून फ्रीजमध्ये चार अंशाला ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दहाला घेतला.

सकाळचा ७० मिनिटांत मऊ झाला. ठेवलेला ५२ मिनिटांत, आणि धागा आखूड, दातात अडकला नाही. ताटलीत १२ ग्रॅम पाणी सुटलं, एवढंच नुकसान. कापल्यावर काही तासांत मांस ताठरतं आणि आपण नेमकं त्याच वेळी ते चुलीवर चढवतो. एक रात्र मिळाली की ते सैल पडतं. "आत्ता कापलं, आत्ता आणलं" ही मटणाची मोठी ओळख मानली जाते. ताजेपणा बघावाच, पण शिजवायची घाई नको.

धुवून ठेवलेला एक लहान तुकडा मात्र दुसऱ्या दिवशी चिकट लागला. फ्रीजमध्ये ठेवायचं असेल तर न धुता.

चवीची तुलना अर्धवट राहिली. सहातले तिघे गुरुवार पाळतात, हे दिवस ठरवताना लक्षात घेतलं नाही. उरलेल्या तिघांनी ठेवलेल्याला पसंती दिली.

सोबत अर्धा किलो मानही पुन्हा लावली, आधणाचं पाणी सांभाळून: ८५ मिनिटं. २२ जानेवारीच्या नोंदीत हा आकडा धरा.

९ फेब्रुवारी, रविवार

खिमा. तयार खिमा ८०० रुपये, ५०० ग्रॅम घेतला. शिवाय मांडी आणि फरा घेऊन समोर काढून घेतलेला, प्रत्येकी ५०० ग्रॅम. हाडासकट घेतल्याने तो अनुक्रमे ५०० आणि ५२८ रुपयांना पडला. तिन्ही बिनतेलाचे कढईत परतून, सुटलेलं पाणी आणि चरबी गाळून तोलले.

तयार खिमा २६५ ग्रॅम उरला, किलोला १,५०९. मांडीचा ३२५, किलोला १,५३८. फऱ्याचा ३१५, किलोला १,६७६. स्वस्त दिसणारा खिमा कढईत गेल्यावर मांडीच्या बरोबरीला येतो, कारण त्यात चरबी आणि पडदे जास्त.

मांडीचा खिमा वाळूसारखा सुटा झाला. फऱ्याचा ओलसर, पावाबरोबर आणि भाकरीबरोबरही चांगला. मांडीचाच करायचा तर किलोला १०० ग्रॅम गुर्द्याभोवतीची चरबी घालून काढा.

यंत्राची अडचण: पहिली ५०-६० ग्रॅम आधीच्या गिऱ्हाइकाची निघते. ती बाजूला काढायला सांगायची. दोनदा फिरवलेला खिमा लगदा होतो, एकदाच. सत्तूरने हाताने केलेला सगळ्यात चांगला, पण किलोला वीस मिनिटं लागतात आणि रविवारी कुणी करून देणार नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मेंढीची मांडी, जत भागातली, ७२० रुपये. एक किलोतून ४७८ ग्रॅम, किलोला १,५०६. बोकडाच्या मांडीपेक्षा स्वस्त नाही म्हटलं तरी चालेल. वरची चरबीची साय न काढता शिजवली, त्यामुळे गार झाल्यावर वास आला आणि टाळूला तेलकट थर बसला. साय काढली असती तर वजन आणखी घटलं असतं. तांबड्यात चालते, पांढऱ्यात नको.

आजवर मटणावर १५,५४८ रुपये गेले.

१६ फेब्रुवारी, रविवार

२५ ताटांची मागणी ठरवली. आधी फरा अडीच किलो लिहिला होता. खाटकाने सरळ सांगितलं की एका बोकडाचे दोन्ही फरे मिळून सव्वादोन किलोच्या वर जात नाहीत आणि मान जेमतेम किलोभर असते. शिवाय चांगले भाग तुम्ही नेले तर उरलेलं मी कुणाला विकू? बोलणं रास्त आहे. किलोला २० रुपये जास्त द्यायचे आणि वेगळे भाग बुधवार-शुक्रवारीच घ्यायचे, असं ठरलं. रविवारी मिक्सच.

फरा २.२ किलो, मान ९०० ग्रॅम, मांडी १.२ किलो: हे सुक्याला. नळी ४०० आणि सीना ३०० ग्रॅम: हे अळणीला. एकूण ५ किलो, ३,९०० रुपये, ताटामागे १५६.

वरच्या आकड्यांवरून शिजलेलं मांस २.३ किलो धरलंय. मिक्सचे ५ किलो ३,८०० रुपयांत येतात आणि २ किलो १० ग्रॅम देतात. म्हणजे पैसे वाचत नाहीत, उलट शंभर जास्त जातात. ताटात साधारण १२ ग्रॅम मांस वाढतं आणि प्रत्येक भाग आपापल्या वेळेला उतरतो.

सीना-नळीची आज लहान चाचणी केली. पांढऱ्यात पहिल्या खेपेला तेल तरंगलं, वाटीवर पिवळा थर. अळणी गार करून फ्रीजमध्ये दोन तास ठेवला, वर चरबीची वडी जमली ती उचलली. तीच सुक्याच्या फोडणीला वापरली, तेल वाचलं. नारळाचं दूध आणि खसखशीचं वाटण अळणी पुन्हा गरम झाल्यावर, आच बारीक करून. त्यानंतर उकळी आणली की रस्सा फुटतो.

कुकर लावायचाच असेल तर भाग वेगळे: पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून मांडी १२ मिनिटं, फरा १५, मान २०, नळी २२. एकाच कुकरला लावायचं तर मान आणि नळी आधी आठ मिनिटं, वाफ जिरू द्यायची, मग मांडी-फरा घालून पुन्हा बारा मिनिटं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पहिली पूर्ण मागणी उचलली. संध्याकाळी सहाला सांगितलेलं, सकाळी साडेसहाला तयार. मान ८६० ग्रॅमच भरली, तूट फऱ्याने भरून घेतली. मटण न धुता जाळीवर, उद्या गुरुवार म्हणून खानावळ शाकाहारी, शिजवायचं शुक्रवारी सकाळी. दोन रात्री ठेवलेल्या फऱ्याची वेळ तेव्हा लिहायची.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

फरा ५५ मिनिटांत झाला, ताज्याला ७५ लागली होती. दोन रात्रींत वजन ३१ ग्रॅमने घटलं, कडा किंचित सुकल्या. वास स्वच्छ. मान ७० मिनिटं. शेवटचं ताट ३ वाजून १० मिनिटांनी गेलं, त्यातला तुकडा चाखून बघितला: मऊ होता.